सिएटलच्या पावसाला मराठीत काय म्हणायचं?

शेवाळपायरी | ५ नोव्हेंबर २०२३

मंडळी, काल रात्री घड्याळं एक तास मागे गेली आणि आज पावणेपाचला सूर्य गुल. चहा घेऊन खिडकीत बसले होते, कप रिकामा होईपर्यंत समोरचा मेपल दिसेनासा झाला. अकरा वर्षं झाली इथे येऊन. बाकी सगळं अंगवळणी पडलं, हा एक रविवार काही पडत नाही.

आज आईचा फोन. "पाऊस आहे का गं तिकडे?" आहे म्हटलं. "जोरात?" इथे माझी गाडी अडली. जोरात नाही. थांबलेलाही नाही. रिमझिम म्हणावं तर पाठोपाठ श्रावणातलं ऊन डोळ्यांसमोर येतं, ते इथे कुठून आणू? भुरभुर म्हणावं तर सकाळपासून बाह्या ओल्याच आहेत. मी गिरगावात वाढले, पावसाच्या शब्दांची मला ददात नाही. पण ह्याच्या मापाचा एकही सापडेना.

तर दोन कामं. ह्या पावसाला शब्द सुचवा. आणि इथे वर्ष कसं काढता ते लिहा. 'निसर्गरम्य आहे' वगैरे नको. बुरशी, जॅकेटं, झोप, गवत, असं काय ते.

घाटमाथा | ५ नोव्हेंबर २०२३

आधी आकडे, मग शब्द.

सिएटलला वर्षाला साधारण १००० मिमी पाऊस पडतो. न्यूयॉर्कला ह्याहून जास्त, १२५० च्या आसपास. मायामीला तर कितीतरी जास्त. मुंबईचं तुम्हाला माहीतच आहे, चार महिन्यांत २००० च्या वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. म्हणजे सिएटलचं जवळजवळ वर्षाचं पाणी मुंबईने एका दिवसात अंगावर घेतलं.

मग हे पावसाचं शहर कसं? कारण तेवढंसं पाणी हे लोक दीडशे दिवसांना पुरवून पुरवून वापरतात. सासूबाई साजूक तूप वाढतात तसं.

खारा_वारा | ५ नोव्हेंबर २०२३

१००० मिमी? आमच्या रत्नागिरीत तेवढ्याच्या आसपास एकटा जुलै देतो. ह्याला पाऊस म्हणायचं तर आमच्या पावसाला काय म्हणायचं, असा धागा काढा.

अर्धवट_ऊन | ६ नोव्हेंबर २०२३

शब्द आहे. बुरबुर. आमच्या कोल्हापूर भागात सर्रास म्हणतात. अंगावर पडताना कळत नाही आणि घरी आल्यावर टॉवेल शोधावा लागतो, ती बुरबुर. छत्री उघडली तर आपणच बावळट दिसतो, नाही उघडली तर भिजतो.

छत्रीवरून आठवलं. इथले जुने लोक छत्री वापरत नाहीत. पहिल्या वर्षी मी मोठी काळी छत्री घेऊन बसस्टॉपवर उभा होतो, शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कॅलिफोर्निया?"

विदर्भाचा_उन्हाळा | ६ नोव्हेंबर २०२३

बुरबुर ठीक आहे, पण दहा-दहा दिवस? आमच्याकडे यवतमाळला सलग पडतो त्याला झड म्हणतात. झड लागली की कापसाचं काय होणार ह्या काळजीने घरचे मोठे बोलेनासे होतात. इथल्या पावसाने कोणाचंच काही अडत नाही. पाऊस असून लोक पळतात, कुत्री फिरवतात, मुलं फुटबॉल खेळतात. झड शोभत नाही ह्याला.

मला वाटतं घोळ नामात नाही, क्रियापदात आहे. आपल्याकडे पाऊस येतो, पडतो, लागतो, कोसळतो, उघडतो. इथे पाऊस *असतो*. जसा सोफा असतो.

शेवाळपायरी | ६ नोव्हेंबर २०२३

विदर्भाचा_उन्हाळा, 'जसा सोफा असतो' हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे येतोच कुठे? बसलेलाच असतो."

उंबरठा_२३ | ९ नोव्हेंबर २०२३

नमस्कार. मी इथे नवीन, आयडी आजच घेतला. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

लग्नानंतर ऑगस्टमध्ये इथे आले. तेव्हा निळं आकाश, रात्री साडेआठपर्यंत उजेड, गाडी वळली की समोर बर्फाचा डोंगर. मी घरी फोटो पाठवून सगळ्यांना जळवत होते. आता त्याच खिडकीतून गेले तीन आठवडे राखाडी सोडून काही दिसत नाही. नवरा साडेसातला जातो, सहाला येतो. डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे नोकरी नाही. गाडी येत नाही. दहा-दहा तास झोपते आणि तरी उठवत नाही. सारखं गोड खावंसं वाटतं. परवा दुपारी तीनला दिवे लावले आणि उगाचच रडू आलं.

नवरा म्हणतो, पाऊस काय तू पहिल्यांदा बघतेस? बरोबर आहे त्याचं. पुण्यातला पाऊस मला आवडायचा. माझंच काही चुकतंय का?

सातवा_हिवाळा | ९ नोव्हेंबर २०२३

उंबरठा, तुझं काही चुकत नाहीये. आणि नवऱ्याला सांग, ह्यात पावसाचा हात थोडाच आहे, दोष उजेडाचा आहे.

पुण्या-मुंबईचा सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा. इथे २१ डिसेंबरला साडेआठ तासही भरत नाहीत. शिवाय आपण ४७ अंश उत्तरेला, त्यामुळे त्या दिवशी भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १९ अंश असतो. त्याच्यावर ढग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही, आपल्या सावळ्या कातडीला तर आणखीच कमी. रक्त तपासून घे आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घे. मनाने ढीगभर गोळ्या नको.

जास्त झोप, गोडाची ओढ, उठवत नाही, हे सगळं नोंदवलेलं दुखणं आहे. १९८४ साली नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला ऋतूनुसार येणारं नैराश्य म्हणून नाव दिलं. लाजण्यासारखं काही नाही, माझ्या ऑफिसात निम्म्या टेबलांवर त्यासाठीचा दिवा असतो.

मी डॉक्टर नाही, पण सहा हिवाळे दिव्यासमोर काढलेत. दिवा १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) हवा, अतिनील किरण न सोडणारा. उठल्यावर तासाभराच्या आत वीस ते तीस मिनिटं, हातभर अंतरावर, थोडा बाजूला. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, चहा प्यायचा, फोनवर बोलायचं. संध्याकाळी लावू नकोस, झोपेचं खोबरं होईल. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा घरात कोणाला बायपोलर असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

दिव्याहून स्वस्त उपाय म्हणजे दुपारी बाराला बाहेर पडणं. घरातल्या ट्यूबलाइटखाली तीनशे-पाचशे लक्स असतात. बाहेर कितीही मळभ असलं तरी भर दुपारी काही हजार. डोळ्यांना घर उजळ वाटतं आणि बाहेर काळोखी, पण डोळे ह्या बाबतीत धडधडीत खोटं बोलतात. भिजलीस तरी चालेल. अर्धा तास चाल.

आणि एवढं करूनही रडू थांबेना, किंवा मनात भलते विचार यायला लागले, तर थांबू नकोस. ९८८ हा मानसिक आधाराचा नंबर कधीही लावता येतो.

शेवाळपायरी | ९ नोव्हेंबर २०२३

उंबरठा, कुठे राहतेस ते व्यनि (खासगी निरोप) कर. मी इसाक्वाला आहे, गाडी मला येते. शनिवारी येऊन तुला उचलते. विषय संपला.

पिवळा_रेनकोट | १० नोव्हेंबर २०२३

मला जॅकेटांबद्दल बोलू द्या, मी दुसऱ्या कशातच तज्ज्ञ नाही.

जॅकेट वर्षभराने भिजायला लागलं की लोक फेकून नवीन घेतात. तसं करू नका. आतला पडदा शाबूत असतो, वरचा पाणी झटकणारा लेप मळाने झोपलेला असतो. त्यासाठीच्या साबणाने धुवा (नेहमीची पावडर आणि सॉफ्टनर अजिबात नको) आणि ड्रायरमध्ये कमी आचेवर फिरवा. ऊब मिळाली की लेप जागा होतो, थेंब पुन्हा मोत्यांसारखे घरंगळायला लागतात. एकदा करून बघा, इस्त्री केल्यासारखं समाधान मिळतं.

बुरशीबद्दल. पहिल्या घरात आम्ही कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं. मार्चमध्ये उघडलं तर माझ्या लग्नातल्या शेरवानीवर हिरवी नक्षी. घरमालकाचं म्हणणं, तुम्ही लोक फार फोडण्या देता. फोडणीचा काय संबंध? संबंध होता, पण थोडा वेगळा. घरातला श्वास, स्वयंपाक, अंघोळ, आत वाळत घातलेले कपडे, सगळ्यांची वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन पाणी होते. तेव्हा फर्निचर भिंतीपासून वीतभर लांब, अंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू, आणि हवेतलं पाणी खेचणारं यंत्र कपड्यांच्या खोलीत. आमच्या यंत्राची टाकी रोज भरते. आपण रोज एवढं पाणी श्वासातून घेत होतो म्हणायचं.

खारा_वारा | १० नोव्हेंबर २०२३

कोकणात ह्याला आगोट म्हणतात. पावसाआधी लाकडं भरा, सुकी मासळी भरा, कौलं परता. फक्त तिकडे मे महिन्यात, इथे ऑक्टोबरमध्ये. मी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पन्हाळी साफ करतो, छपरावरचं शेवाळ खरवडतो आणि घरासमोरच्या गटाराच्या जाळीवरची मेपलची पानं काढतो. ही पानं ताटाएवढी असतात. जाळीवर दोन बसली की रस्त्याचं तळं होतं. बायको हसते, म्हणते कोकण सुटलं पण पन्हाळ सुटली नाही.

घाटमाथा | ११ नोव्हेंबर २०२३

आपल्यातले निम्मे म्हणतात खूप पाऊस, निम्मे म्हणतात कुठे आहे पाऊस, आणि दोघंही खरं बोलतात.

महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि घाट उतरून वाईला आलात की त्याच्या पाव हिस्साही नाही. तोच खेळ इथे ऑलिंपिक पर्वत करतो. समुद्राकडच्या अंगाला होह नावाचं रान आहे, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिमी. डोंगराच्या आडोशाला स्क्विम गाव आहे, तिथे चारशेच्या आसपास, तिथली लोकं लॅव्हेंडर पिकवतात. सिएटल ह्या दोघांच्या मधलं.

त्यातून वारा त्या पर्वताला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि पलीकडे पुन्हा एकमेकांवर येऊन आदळतो. आदळला की हवा वर जाते, ढग बनतात, पाऊस पडतो. हा पट्टा बहुतेक वेळा सिएटलच्या उत्तरेला, एव्हरेट ते बोथेल असा कुठेतरी असतो. मी सिएटलच्या दक्षिणेला रेंटनमध्ये उन्हात उभा असतो तेव्हा बोथेलचा मित्र गारांचे फोटो पाठवतो.

उंबरठा_२३ | ११ नोव्हेंबर २०२३

मी बोथेललाच आहे.

घाटमाथा | ११ नोव्हेंबर २०२३

अरेरे. माफ करा.

शेवाळपायरी | ५ डिसेंबर २०२३

आज आईला छातीठोकपणे सांगितलं, हो, जोरात! काल रात्रीपासून खरा पाऊस आहे. थेंबांचा पत्र्यावर आवाज येतोय. आणि गंमत म्हणजे थंडी नाही, डिसेंबरात पंधरा अंश. खिडकी उघडून झोपले, क्षणभर जूनच वाटला.

घाटमाथा | ५ डिसेंबर २०२३

हवाईकडून येणारा ओलाव्याचा पट्टा आहे तो, इथले लोक पाइनॅपल एक्सप्रेस म्हणतात. उष्ण प्रदेशातली वाफ, म्हणून ओळखीची वाटली. पण डोंगरावरचा बर्फही वितळवते, त्यामुळे नद्या दोन्हीकडून फुगतात. स्टिलाग्वामिश नदीला पूर आलाय, त्या बाजूला जाऊ नका.

विदर्भाचा_उन्हाळा | १३ जानेवारी २०२४

लख्ख ऊन पडलंय आणि पारा शून्याच्या बराच खाली. नळ थेंबथेंब चालू ठेवा, पाईप फुटतात. इथे ढग म्हणजे गोधडी हे मला तीन वर्षांनी कळलं. आकाश स्वच्छ झालं की कॅनडाकडून कोरडा वारा घुसतो. आता मी ऊन बघून घाबरतो.

उंबरठा_२३ | २४ मार्च २०२४

धागा वर काढतेय.

आज होळी. शेवाळताईंबरोबर विद्यापीठाच्या चौकात चेरी बघायला गेले होते. ही झाडं पूर्वी आर्बोरेटममध्ये (वृक्षांच्या बागेत) होती, साठच्या दशकात हमरस्ता आडवा आला म्हणून उचलून इथे लावली. उपटून आणून लावलेली झाडं एवढी फुलतात, हे बघून जरा बरं वाटलं (ताई म्हणाल्या, उगाच रूपक करू नकोस, पोळी खा).

दिवा नोव्हेंबरातच घेतला होता. सासूबाईंनी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा विचारलं, "तोंडावर एवढा उजेड कसला? पोलीस आहेत का घरात?" फरक पडायला दहा-बारा दिवस लागले. जादू वगैरे झाली नाही. पण साडेसातला उठायला लागले. दुपारच्या चालण्याचा जास्त उपयोग झाला असं मला वाटतं, कारण वाटेत एक आजी भेटायच्या, त्या रोज म्हणायच्या, आज डोंगर निघालाय का बघितलंस? इथे रेनियर दिसला की 'डोंगर बाहेर आला' म्हणतात. ४,३९२ मीटरचा डोंगर आणि तो महिना-महिना लपतो.

फेब्रुवारी मात्र वाईट गेला. ते कोणी सांगितलं नव्हतं.

सातवा_हिवाळा | २४ मार्च २०२४

खरंय, सांगायला हवं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवाळीचा, नाताळाचा जोर असतो. फेब्रुवारीत शिल्लक काहीच नसते.

अर्धवट_ऊन | ११ मे २०२४

काल रात्री जागे होतात का कोणी? मी अंगणात आडवा पडून गुलाबी-हिरवं आकाश बघितलं. ध्रुवीय प्रकाश, सिएटलमध्ये, आणि आकाशात एक ढग नाही! एरवी ग्रहण असो की उल्कावर्षाव, आम्ही ढगच मोजतो.

शेवाळपायरी | २१ जून २०२४

आज सोळा तासांचा दिवस. आईबाबा आलेत. आईचा नियम, दिवेलागणीला नातवाने शुभंकरोति म्हणायचं. दिवेलागण नऊ वाजून दहाला. नातू आठला झोपायला हवा. तीन दिवस दोघांची रस्सीखेच चालली, शेवटी जाड पडदे ओढून कृत्रिम तिन्हीसांज करतो. डिसेंबरात हेच शुभंकरोति सव्वाचारला येतं, तेव्हा तो शाळेच्या बसमध्ये असतो.

बाबांना वेगळाच प्रश्न पडलाय. "आषाढ लागेल आता आणि तुमच्याकडे पाऊस जाणार? हे उलटं शहर आहे."

घाटमाथा | २२ जून २०२४

बाबांना सांगा, आहेच उलटं. उन्हाळ्यात पॅसिफिकवरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकतो आणि वादळांची वाट अडवतो. जुलैत इथे जेमतेम १५-२० मिमी. पाणी सीडर आणि टोल्ट नद्यांचं, आणि त्यांची भिस्त बरीचशी डोंगरावरच्या बर्फावर. मुंबईकर तानसा-भातसाची पातळी बघतो तसा मी एप्रिलमध्ये बर्फाचे आकडे बघतो.

खारा_वारा | ११ ऑगस्ट २०२४

गवत पूर्ण वाळलं. इथे गवत हिवाळ्यात हिरवं आणि उन्हाळ्यात पिवळं, पहिल्या वर्षी मी मेलं म्हणून उपटायला निघालो होतो. मरत नाही, झोपतं.

जे नवीन आहेत त्यांनी धुराची तयारी ठेवा. वणवे पेटले की सप्टेंबर २०२० सारखं होतं, आठवडाभर खिडकी उघडता आली नव्हती. चौकोनी पंख्याच्या मागे घर तापवणाऱ्या भट्टीचा १३ नंबरचा (MERV 13) फिल्टर टेपने चिकटवा, खोलीपुरतं काम भागतं. आणि एक खोली थंड करता येईल अशी सोय हवीच. २८ जून २०२१ ला इथे ४२ अंश झाले होते आणि बऱ्याच घरांत एसी नव्हता. नागपूरकरही घाबरले होते.

विदर्भाचा_उन्हाळा | ११ ऑगस्ट २०२४

घाबरलो नव्हतो. माठ नव्हता म्हणून चिडलो होतो.

शेवाळपायरी | १८ सप्टेंबर २०२४

काल गणपती गेले आणि एक गोष्ट लिहायचीच आहे. परवा पहाटे दार उघडलं तर वास. तोच. मातीचा. अकरा वर्षं मी म्हणत होते की इथल्या पावसाला वास नाही. वास यायला आधी जमीन तापून कोरडी व्हावी लागते, ती जुलै-ऑगस्टात होते, आणि मग पहिल्या सरीला येतो. मी दरवर्षी जूनमध्ये हुंगत होते. इथला मृग सप्टेंबरात असतो.

उंबरठा_२३ | ४ नोव्हेंबर २०२४

काल घड्याळं मागे गेली. दिवा माळ्यावरून काढला. पन्हाळ नाही म्हणून गॅलरीची जाळी साफ केली. आकाशकंदील उतरवणार नाही, मार्चपर्यंत राहू दे.

आमच्या इमारतीत नाशिकची एक मुलगी आलीये, ऑगस्टमध्ये. काल सगळ्यांना डोंगराचे फोटो पाठवत होती. तिला धाग्याची लिंक दिलीये. अगं, वाचत असशील तर दुपारी बाराला खाली ये.

शेवाळपायरी | २१ नोव्हेंबर २०२४

फोनवरून लिहितेय, बॅटरी १४ टक्के. मंगळवार रात्रीपासून वीज नाही. वारा नेहमी नैऋत्येचा असतो, झाडांना त्याची सवय असते. ह्या वेळी पूर्वेकडून आला. रात्रभर लांबून फांद्या मोडल्याचे आवाज, आणि एक अख्खं फर वृक्ष शेजारच्यांच्या गाडीवर. माणसं ठीक आहेत.

त्या रात्री आईचा फोन लागला. "पाऊस आहे का गं?" पहिल्यांदाच सांगितलं, नाही गं, थेंबही नाही, नुसता वारा. तर म्हणाली, "मग नीट उघडलाय म्हणायचा."

दिवाळीच्या पणत्या काढल्यात. घर अकरा अंशांवर आलंय.

उंबरठा_२३ | २१ नोव्हेंबर २०२४

ताई, आमच्याकडे वीज काल रात्रीच आली. गरम पाणी आहे, पिठलं टाकतेय, आणि दहा हजार लक्सचा दिवाही आहे. झोपायचं काय करायचं ते बघू, मुलाला आणि सगळ्यांना घेऊन निघा. रस्त्यात झाडं पडलीत, ती वळसे घालत या.

बोथेलला बुरबुर आहे.